मदत हवी आहे: एपीआय टोकन कधी संपतं हे डॉक्युमेंटेशनमध्ये नीट कसं लिहू?

नमस्कार मंडळी, आमच्या एपीआयचं (दुसऱ्या प्रोग्रामना आमची सेवा वापरू देणारी सोय) डॉक्युमेंटेशन लिहायचं काम माझ्याकडे आलंय आणि टोकनच्या (एपीआय वापरताना ओळख पटवणारी किल्ली) पानावर मी चार दिवस अडकलीये. टोकन बनवायचा भाग सोपा आहे, सेटिंगमध्ये जा, नाव द्या, परवानग्या निवडा, मुदत निवडा, आणि टोकन एकदाच दिसतं म्हणून लगेच सुरक्षित जागी ठेवा, गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरही असंच असतं त्यामुळे ते लोकांना पटकन कळतं.

खरी अडचण मुदतीची आहे. आमचं टोकन जेडब्ल्यूटी (JSON Web Token, मुदतीसारखी माहिती आतच असलेला टोकनचा प्रकार) आहे, त्यातली मुदत १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत असते, पण जावास्क्रिप्टमध्ये आत्ताची वेळ मिलिसेकंदांत मिळते, मग हजाराने भागायचं राहिलं की नवीन मुलांना चांगलं टोकनही संपलेलं वाटतं. त्यात वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्या साडेपाच तास मागे), म्हणजे त्या वेळेनुसार रात्री १२ ला संपलेलं टोकन आपल्याकडे पहाटे साडेपाचला बंद पडतं आणि सकाळी सपोर्टला मेसेज सुरू होतात, बिचाऱ्यांची चूक नसते, आम्ही लिहिलंच नाहीये ना.

तर विचारायचं असं की हे उदाहरणासकट सुरुवातीलाच सांगू की वेगळ्या पानावर टाकू? आणि ४०१ (ओळख पटली नाही, हा एरर कोड) आला तर टोकन तपासा, ४०३ (परवानगी नाही, हा एरर कोड) आला तर परवानग्या तपासा, हे तिथेच लिहावं का? मला तर तिथेच हवं असं वाटतं, कारण अडकलेला माणूस दुसरं पान उघडत नाही. कोणी मराठीत किंवा इंग्रजीत असं पान लिहिलं असेल तर कसं मांडलं ते प्लीज सांगा.