दिवे घाटातली पताका काळ्यापांढऱ्यात गायब होतेय

सासवडकर:
नमस्कार मंडळी. माउलींची पालखी दिवे घाट चढताना एक फोटो मनासारखा मिळाला. म्हातारबाबा, खांद्यावर पताका, मागे पावसानं हिरवागार डोंगर, वर गच्च आभाळ. पताकेचं निम्मं कापड डोंगरावर येतं, निम्मं ढगांवर. रंगीत फोटोत ती पेटल्यासारखी दिसते. एका बटणात काळापांढरा केला तर डोंगरातच विरघळली. मग गिंप या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमधल्या मोनो मिक्सरमध्ये (लाल, हिरवा, निळा किती घ्यायचा ते ठरवून काळापांढरा करणारं साधन) फक्त लाल ठेवला. डोंगरावर उठून दिसायला लागली, पण वरचं टोक ढगात गेलं. आणि लाल फिल्टरनं आभाळ काळंभोर होतं म्हणतात ना? माझं ढिम्म हललं नाही.

निवांत_पुणे:
भगवा काढून टाकायचा हट्ट कशाला? रंगीतच ठेवा की.

सासवडकर:
आजोबांचा वारीतला जुना फोटो भिंतीवर आहे, त्याच्या शेजारी लावायचाय.

लाल_दिवा:
मग करायलाच हवा. रंग उचलायच्या पिकरनं पताका, गवत आणि ढग यांवर टिचकी मारा आणि आकडे इथं टाका. वीस वर्षं डार्करूममध्ये काढली, तेव्हा हे आकडे अंदाजानं डोक्यात धरावे लागायचे.

सासवडकर:
काका, लाल-हिरवा-निळा या क्रमानं, ० म्हणजे काळोख आणि २५५ म्हणजे पूर्ण उजेड: पताका २२०, ११०, ३०. गवत ११०, १६०, ६०. ढग २१५, २१५, २१८.

लाल_दिवा:
सापडलं. रंगाचा करडा करायचं टीव्हीच्या काळापासूनचं ढोबळ सूत्र म्हणजे लाल ३० टक्के, हिरवा ५९, निळा ११. मांडून बघा: पताका १३४, गवतही १३४! डोळ्याला दोन टोकांचे रंग, करड्यात सख्खे भाऊ. नुसता लाल घेतला की पताका २२० आणि ढग २१५, म्हणून टोक गायब.

आभाळाचं म्हणाल तर लाल फिल्टर निळं आभाळ काळं करतो. तुमच्या ढगाचे तिन्ही आकडे जवळजवळ सारखे, म्हणजे त्यात रंगच नाही. फिल्टर अडवणार काय? मीही एकदा ऐन आषाढात २५ नंबरचा लाल फिल्टर लावून बसलो होतो. आभाळ होतं तसंच राहिलं, प्रकाश मात्र तीन स्टॉप गेला, म्हणजे तीनदा निम्मा झाला.

आता निळा चॅनेल, म्हणजे फोटोतला नुसता निळ्याचा भाग, बघा. पताका ३०, ढग २१८. डोंगरावर काळी, ढगावरही काळी. पण अख्खा फोटो निळ्यातून काढू नका. माणसाची कातडी भगव्याच्याच कुळातली, बाबांचा चेहरा कोळशासारखा होईल. शिवाय निळ्यात कचकच, म्हणजे दाणेदार ठिपके, जास्त असते.

म्हणून दोन थर करा. खाली साधं रूपांतर. डिकम्पोजनं चॅनेल सुटे करून निळा त्यावर ठेवा, त्याला काळा मास्क लावा (काळं तिथं थर झाकतो, पांढरं तिथं दिसतो) आणि पांढऱ्या ब्रशनं फक्त पताका रंगवा. मग वरच्या थराची अपारदर्शकता ७० टक्क्यांवर आणा. पताका साठच्या आसपास येईल, कापडाच्या घड्याही थोड्या टिकतील. टोपीची काळजी नको, पांढरं तिन्ही चॅनेलमध्ये पांढरंच.

मीरा_ठाणे:
फोटो मोबाइलचा जेपेग असेल तर निळा चॅनेल १०० टक्क्यांवर मोठा करून बघा. जेपेगमध्ये रंगाची माहिती जास्त दाबलेली असते, कडेला चौकोन दिसतात. रॉ फाइल (कॅमेऱ्याची न दाबलेली मूळ नोंद) असेल तर तिथूनच सुरुवात करा.

सासवडकर:
रॉ होती, बरं झालं. केलं! पताका अशी काळी उभी राहिलीय की आता आधी नजर तिथंच जाते, मग बाबांच्या चेहऱ्यावर. फक्त काठीजवळ कडेला एक पांढुरकी रेघ राहिलीय.

लाल_दिवा:
मास्कची कड दोन पिक्सेल बाहेर सरकवा आणि किंचित मऊ करा. काठी मास्कमध्ये घेऊ नका, तीही तांबूसच असणार.

सासवडकर:
काठीच रंगवली होती काका. 😀 परत बसतो.