जर्मनीतला पहिला महिना

जर्मनीत शिकायला जाणाऱ्यांना बरेच जण सांगतात, ‘तिथे विद्यापीठाची फी नाही, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्यात) ११,९०४ युरो भरले की झालं.’ फीचं बहुतांशी खरं आहे (बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र आपल्या भारतीय विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात). पण त्या खात्यातून महिन्याला ९९२ युरोच सुटतात, तेही तिथे पोचून चालू खातं उघडल्यावर. बऱ्याच बँका त्यासाठी पत्तानोंदणीचा कागद मागतात, नोंदणीला घरमालकाच्या सहीचं पत्र लागतं आणि घर घेताना डिपॉझिट! ते कायद्याने महिन्याच्या मूळ भाड्याच्या (हीटिंग वगैरेचा खर्च सोडून) तिपटीपर्यंत असू शकतं. म्हणून पहिल्या महिन्याचे पैसे फॉरेक्स कार्डावर वेगळे न्याच.

आणि डिपॉझिट तीन समान मासिक हप्त्यांत द्यायचा भाडेकरूला कायदेशीर हक्क आहे. पहिला हप्ता भाडेकरार सुरू होताना. किल्ली मिळण्याआधी कुणी सगळी रक्कम मागितली तर पाठवू नका.