हेल्थ, फिटनेस की वेलनेस?

खडूस_संपादक:
सोसायटीच्या इंग्रजी पत्रकात रविवारच्या बीपी-शुगर तपासणीला 'वेलनेस कॅम्प' म्हणायचं, असा कमिटीचा हट्ट. माझा साफ विरोध. बीपी मोजणं ही हेल्थ. जिने चढताना दम न लागणं ही फिटनेस. वेलनेस हा स्पा आणि सप्लिमेंटवाल्यांचा शब्द. कानाला गोड, हाती काही लागत नाही.

नर्सताई_सोलापूर:
स्पावाल्यांनी पळवला म्हणून तो त्यांचा झाला का? हाल्बर्ट डन या अमेरिकन डॉक्टरने १९६१ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलंय. शिवाय २०१८ पासून आपल्याकडे उपकेंद्रांची 'हेल्थ अँड वेलनेस सेंटर' झाली. तिथे काय करतात? तिशी उलटलेल्यांची बीपी, शुगर, तोंडाच्या कॅन्सरची तपासणी. म्हणजे तुमचाच कॅम्प की हो!

खडूस_संपादक:
आणि २०२३ मध्ये सरकारनेच पाटी बदलून 'आयुष्मान आरोग्य मंदिर' केली. ताई, वेलनेस गळलं तरी कुणाचं अडलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ च्या घटनेत हेल्थमध्येच शरीर, मन, समाज सगळं आलंय. दुसरा शब्द हवा कशाला?

डेपोवाला:
फिटचं पण बघा. आजारपणानंतर ड्यूटीवर यायला डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट लागतं. आमच्या एकाला शुगर आहे, गोळ्या चालू, तरी कागदावर फिट. म्हणजे तो काम करू शकतो एवढंच. तब्येत ठणठणीत आहे असं कोण म्हणतंय?

व्याकरणभक्त:
मुळात 'हेल्दी फूड' चूक. माणूस हेल्दी म्हणजे निरोगी; अन्न हेल्थफुल, म्हणजे आरोग्याला चांगलं.

नर्सताई_सोलापूर:
कीस पाडू नका. अन्नाला हेल्दी म्हणणं इंग्रजीत सोळाव्या शतकापासून चालत आलंय.
संपादककाका, विकणाऱ्यांचा शब्द म्हणाल तर तुमची हेल्थ तरी कुठे सोवळी आहे? अन्न सुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही. म्हणून एप्रिल २०२४ मध्ये केंद्राने ऑनलाइन विक्रेत्यांना त्या नावाच्या कप्प्यातून पेयं बाहेर काढायला सांगितलं. तोवर वर्षानुवर्षं आयाबाया तेच दुधात ढवळून पोरांना देत होत्या.

खडूस_संपादक:
हे मान्य. पण लबाडी ड्रिंकवाल्यांची. कॅम्पमध्ये निदान सुई तरी टोचतात. 'हेल्थ चेकअप'च जाणार.

डेपोवाला:
'बीपी-शुगर चेकअप' लिहा की सरळ! आणि उपाशीपोटी यायचं का ते ठळक अक्षरात टाका. आमच्याकडे निम्मे लोक चहा-खारी हाणून रांगेत उभे होते.