‘फिटनेस २०२९ पर्यंत’ म्हणजे गाडी पास झालेली असते का?

केळीबाग (रावेर)

नमस्कार मंडळी. पारोळ्याला एक स्विफ्ट डिझेल बघितली आहे. जळगाव पासिंग, नोंदणी १४ एप्रिल २०१४, दुसरा मालक, मीटरवर ६८ हजार. विकणारा मोबाईलवर एम-परिवहन हे सरकारी ॲप उघडून दाखवतो. त्यात ‘फिटनेस अप टू १३ एप्रिल २०२९’ असं लिहिलेलं आहे. त्याचं म्हणणं, सरकारनेच पास केलेली गाडी आहे, मिस्त्री कशाला पाहिजे?

ब्रिटनमध्ये म्हणे नुसता गाडीचा नंबर टाकला की २००५ पासूनच्या सगळ्या एमओटी (तिथली गाडीची सक्तीची तपासणी) फुकट दिसतात. कशात नापास झाली, तेव्हा मीटर किती होतं, सगळं. आपल्याकडे असं कुठे बघता येतं का? आणि ही २०२९ ची तारीख कितपत खरी धरायची?

सातपुडा_३९

तारीख खरी आहे, पण तिचा अर्थ विकणारा सांगतो तो नाही.

पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीची नोंदणी पहिल्या दिवसापासून १५ वर्षांची असते. २०१४ अधिक १५ म्हणजे २०२९. ॲपमध्ये ‘फिटनेस अप टू’ म्हणून तीच तारीख छापून येते. या १५ वर्षांत आरटीओत गाडी तपासायला न्यावीच लागत नाही. म्हणजे त्या स्विफ्टचे ब्रेक, स्टिअरिंग, चेसिस कोणी सरकारी माणसाने अकरा-बारा वर्षांत पाहिलेलेच नसणार. पहिली तपासणी १५ वर्षं भरताना, नोंदणीच्या नूतनीकरणाला. त्याचा अर्ज नमुना २५ मध्ये, आणि पुढची मुदत ५ वर्षांची.

ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी, म्हणून तिथे इतिहास साठतो. आपल्याकडे खासगी गाडीची तपासणीच होत नाही, तर इतिहास कुठून दिसणार? पिवळ्या पाटीचं वेगळं. टॅक्सी, टेम्पो, ट्रक यांना नवेपणी दोन वर्षांचं फिटनेस, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. तिथे ‘फिटनेस अप टू’ ही खरोखर तपासणीतून आलेली तारीख असते. पण तीही शेवटचीच दिसते. आधी किती वेळा नापास झाली ते दिसत नाही.

तेव्हा आपल्याकडे तपासणीचा इतिहास शोधण्याऐवजी तारखा एकमेकींशी जुळतात का ते बघायचं. त्यातून बरंच बाहेर येतं.

बोजा_उतरवा

वरचं बरोबर. आता बघायचं कुठे ते सांगतो. विकणाऱ्याच्या मोबाईलवर बघू नका, स्वतःच्या मोबाईलवर बघा. स्क्रीनशॉट तर नकोच.

परिवहनच्या सरकारी साइटवर ‘इन्फॉर्मेशनल सर्व्हिसेस’ मध्ये ‘नो युवर व्हेईकल डिटेल्स’ आहे. मोबाईल नंबर आणि ओटीपी टाकून आत जायचं, गाडीचा नंबर टाकायचा. मालकाचं नाव अर्धं झाकलेलं येतं, पण आरसीवरच्या नावाशी अक्षरं ताडून बघता येतात. तिथे या गोष्टी वाचा:

आरसी स्टेटस ‘ॲक्टिव्ह’ पाहिजे. ‘एनओसी इश्यूड’ असेल तर गाडी कागदोपत्री दुसऱ्या आरटीओकडे निघालेली आहे, मग विकणाऱ्याला विचारा कुठे आणि का. फायनान्सरच्या रकान्यात बँकेचं नाव असेल तर बोजा (गाडीवरच्या कर्जाची नोंद) अजून चढलेला आहे, मग मालक कर्ज फिटल्याचं कितीही सांगो. बँकेची एनओसी आणि नमुना ३५ घेऊन तो त्यानेच उतरवायचा, पैसे त्यानंतर. या एनओसीची मुदत सहसा तीन महिन्यांची असते, वर्षभरापूर्वीचा कागद पुढे केला तर नवा आणायला सांगा.

व्हेईकल क्लास ‘मोटर कार’ आहे का तेही बघा. टॅक्सीची खासगी करून घेतलेली असेल तर आता ‘मोटर कार’ च दिसेल, जुना क्लास या पानावर येत नाही. शंका असेल तर मालकाला वाहन पोर्टलवरून फी भरून ‘आरसी पर्टिक्युलर्स’ काढायला सांगा.

चलन दोन ठिकाणी बघा. महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलान साइटवर गाडी नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे लागतात. परिवहनची ई-चलान साइट वेगळी. नवापूरमार्गे सुरत किंवा सेंधव्यामार्गे इंदूर करणाऱ्या गाडीची गुजरात-मध्य प्रदेशची चलनं पहिल्या साइटवर सापडत नाहीत.

चोरीची शंका घालवायला एनसीआरबीची (गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणारी केंद्र सरकारी संस्था) ‘वाहन समन्वय’ सेवा आहे. तिला नोंदणी, इंजिन आणि चेसिस तिन्ही नंबर लागतात. हे नंबर आरसीवरून उतरवू नका, गाडीवर ठोकलेले वाचा. ठोकलेल्या जागेभोवती ताजा रंग, घासल्याच्या खुणा किंवा एखादा आकडा ओळीखाली गेलेला दिसला तर तिथून निघा.

गॅरेजकट्टा_धुळे

विम्याबद्दल कोणी बोललं नाही. अपघाताचा माग सगळ्यात सोपा तिथेच लागतो.

मागच्या तीन वर्षांच्या पॉलिसी मागा आणि प्रत्येकीवर एनसीबी (नो क्लेम बोनस) किती टक्के ते बघा. क्लेम नसेल तर हा बोनस २०, २५, ३५, ४५, ५० असा चढत जातो. मागच्या वर्षी ४५ आणि यंदा शून्य, तर मधे क्लेम झालेला आहे किंवा पॉलिसी ९० दिवसांपेक्षा जास्त खंडित होती. एक अपवाद लक्षात ठेवा. एनसीबी मालकाचा असतो, गाडीचा नाही. दुसऱ्या मालकाने नुकतीच गाडी घेतली असेल तर त्याच्या पहिल्या पॉलिसीत शून्य दिसणं साहजिक आहे. आणि नुसता थर्ड पार्टी असेल तर एनसीबीचा प्रश्नच नाही. पण मग विचारा की फुल विमा कधी आणि का सोडला.

मीटरचा आकडा वाहन पोर्टलवर येत नाही. ६८ हजार पटत नसेल (मला पटत नाही, डिझेल गाडी कोणी वर्षाला सहा हजार फिरवायला घेत नाही) तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून मालकाला सर्व्हिस हिस्टरीची प्रिंट काढायला लावा. प्रत्येक जॉब कार्डावर तारीख आणि किलोमीटर असतात. २०१९ मध्ये ८१ हजार आणि आज ६८, असं तिथेच सापडतं. सर्व्हिस बाहेर केलेली असेल तर रेकॉर्ड मधेच तुटतं. ते तुटलं तेव्हा शेवटचा आकडा किती होता तेवढं बघा.

सोबत स्वस्तातला ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर न्या, गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या बिघाडाच्या नोंदी (कोड) तो मोबाईलवर दाखवतो. बीएस-४ (भारत स्टेज ४, प्रदूषणाचं मानक) च्या कार असतील तर २०१३ पासून ओबीडी-२ असतं. त्यात ‘कोड पुसल्यानंतर किती किलोमीटर’ असा एक आकडा मिळतो. तो १२ किंवा ३० आला तर तुम्ही येण्याआधी कोणीतरी एरर पुसल्या आहेत, नाहीतर बॅटरी काढली आहे. अशा वेळी ‘एकही कोड नाही’ याला किंमत नाही. काही ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) हा आकडा देत नाहीत, पण जमेल तिथे बघाच. स्कॅनर नसेल तर चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका. चेक इंजिनचा पिवळा दिवा पेटला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. मुळात पेटतच नसेल तर दिवा काढलेला किंवा झाकलेला आहे.

भरीत_भाकरी

कागद बठ्ठा देखी ल्या भो, पण खान्देशातल्या गाडीचं पाणी पण बघा. गाडी पूर्ण थंड असताना कूलंटच्या टाकीचं झाकण उघडा. हिरवं किंवा गुलाबी असेल तर ठीक. तांबूस गढूळ असेल तर कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतत आलेत. आपल्याकडचं पाणी जड, रेडिएटरमध्ये क्षार बसतो आणि मे महिन्यात घाटात तापमानाची सुई वर चढते. दुपारी दोनला गाडी उभी ठेवून एसी लावा, वीस मिनिटं सुईकडे बघा.

पावसाळ्यानंतर स्वस्तात आलेली सुरत-नवसारी पासिंगची गाडी असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ असली तर गाडी पाण्यात होती. बेल्ट तिथपर्यंत कोणी धूत नाही.

केळीबाग (रावेर)

खूप उपयोग झाला. साइटवर बघितलं. आरसी ॲक्टिव्ह, क्लास मोटर कार, बोजा नाही. ‘भारत स्टेज ३’ लिहिलंय, हे चालतं का? चलन एक निघालं, तो भरतो म्हणतो. पीयूसी मात्र परवाच काढलेली आहे. त्यावर धुराचा आकडा के ०.०८ आहे. मर्यादा २.४५ लिहिली आहे, म्हणजे इंजिन उत्तम समजायचं ना?

सातपुडा_३९

बीएस-३ बद्दल आधी. बीएस-४ देशभर एप्रिल २०१७ पासून आलं. त्याआधी मोठ्या शहरांत होतं, आपल्याकडे नाही. त्यामुळे २०१४ ची जळगाव पासिंग गाडी बीएस-३ असण्यात गैर काही नाही. फक्त पीयूसी दर सहा महिन्यांनी काढावी लागेल, बीएस-४ आणि बीएस-६ ला वर्षाची मिळते. बीएस-३ मध्ये ओबीडीच्या बाबतीत गॅरेजकट्टांनी लिहिलेलं लागू होईलच असं नाही, पोर्ट असेल तर लावून बघा.

२०२९ ला नूतनीकरणाची केंद्रीय फी कारला ५ हजार आहे, वर पर्यावरण कर. मुदत उलटली तर महिन्याला ५०० विलंब शुल्क. दीड वर्ष विसरलात तर तेच ९ हजार होतात. भाव करताना हे डोक्यात असू द्या, गाडीला मोजकीच वर्षं उरली आहेत.

गॅरेजकट्टा_धुळे

०.०८ वर मी तरी विश्वास ठेवणार नाही. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नसलेलं, इतकं जुनं डिझेल इंजिन इतका स्वच्छ धूर सोडत नाही. बहुतेक नळी सायलेन्सरमध्ये नीट घातलेली नव्हती किंवा ॲक्सिलरेटर अर्धाच दाबला.

पीयूसी पोर्टलवर गाडी नंबर आणि चेसिसचे शेवटचे पाच आकडे टाकून तो दाखला स्वतः उघडा. त्यावर केंद्राचं नाव, वेळ आणि गाडीचा फोटो असतो. फोटोतली गाडी तीच आहे का बघा. मग गाडी दुसऱ्या केंद्रावर न्या आणि शेजारी उभे रहा. आधी दहा-बारा किलोमीटर चालवून इंजिन गरम करा. थंड इंजिनाचा धूर वेगळाच येतो. चाचणीत न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर एका झटक्यात तळापर्यंत दाबायचा, इंजिन कट-ऑफला (सर्वात जास्त फेऱ्यांना) गेलं की सोडायचा. असं अनेकदा करून सरासरी काढतात. टायमिंग बेल्ट-चेनची माहिती नसलेल्या गाडीवर मालक याला नको म्हणतो, आणि त्याचं म्हणणं चूक नसतं. तेल पातळी बघून मगच करा.

०.८ किंवा १.२ आला तर काळजी नाही. २ च्या वर गेला आणि एअर फिल्टर स्वच्छ असेल तर इंजेक्टर, ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह) किंवा टर्बोचा खर्च आहे. काळा धूर इंधनाचा, निळसर ऑइलचा. निळसर दिसला तर आकडा कितीही कमी असो, टर्बोचा पाइप सोडून आत ऑइल किती आहे ते मिस्त्रीकडून बघून घ्या.

बोजा_उतरवा

चलन ‘भरतो म्हणतो’ वर सोडू नका. तुमच्या देखत भरायला लावा आणि दोन्ही साइटवर थकबाकी शून्य दिसली की मग सही. गाडी जळगाव पासिंगची आहे. रावेरही जळगाव आरटीओतच येत असेल तर नमुना २८ ची (दुसऱ्या आरटीओकडे जायची) एनओसी लागणार नाही, मालकी बदलाचे नमुने २९ आणि ३० पुरतात. विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं, पण तो कळवेल म्हणून थांबू नका. ऑनलाइन अर्ज करताना ओटीपी त्याच्या आधारला जोडलेल्या मोबाईलवर जाऊ शकतो. त्या दिवशी तो पारोळ्यात आहे की सुरतेला, ते आधी विचारून घ्या.