लिनक्स कर्नलमध्ये 'बिटवीन' असा छोटा मॅक्रो (कोडच्या तुकड्याला दिलेलं नाव) सुचवावा का?

द्राक्षवाला_डीबगर (अंबड, नाशिक):
नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत आहे, आम्ही कोल्ड स्टोरेजचे डेटा लॉगर बनवतो, गिऱ्हाईक बहुतेक पिंपळगाव, दिंडोरी साइडचे द्राक्षवाले. बोर्डावर लिनक्स, आयटूसीवर (चिप जोडायची दोन तारांची बस) एक स्वस्तातली टेंपरेचर सेन्सरची चिप, तिचा एचडब्ल्यूमॉन (कर्नलमधला अशा सेन्सरांचा विभाग) ड्रायव्हर मीच लिहिलाय आणि तो मेनलाइनला, म्हणजे मूळ कर्नलमध्ये, पाठवायचं डोक्यात आहे. आता झालंय काय की त्या ड्रायव्हरमध्ये एकच तपासणी जागोजागी येते, व्हॅल्यू लो पेक्षा कमी किंवा हाय पेक्षा जास्त असेल तर मायनस ई-इनव्हॅल, म्हणजे 'चुकीची व्हॅल्यू' हा एरर, परत द्या. मॅक्स लिमिटला तेच, हिस्टेरेसिसला (अलार्म परत बंद व्हायची पातळी) तेच, अपडेट इंटरव्हलला पण तेच. मग ड्रायव्हर्स फोल्डरमध्ये ग्रेप मारला (शब्द शोधला) तर हाच पॅटर्न ढिगाने सापडला, आणि कुठे < लिहिलंय तर कुठे <=, वाचताना डोकं चालवावं लागतं.

म्हणून वाटलं की मिनमॅक्स डॉट एच या कर्नलच्या हेडर फाइलमध्ये एक ओळीचा मॅक्रो टाकावा:

बिटवीन(व्हॅल, लो, हाय) म्हणजे ((व्हॅल) >= (लो) && (व्हॅल) <= (हाय))

दोन्ही टोकं धरून. हे आधी आरएफसी (नुसती मतं मागायला) म्हणून टाकू की सरळ पॅच (कोडमधला बदल)? आणि याचं मेंटेनर (त्या भागाचा कोड सांभाळणारा) कोण धरायचं? ऑफिसात विचारायची सोय नाही, साहेब म्हणतात जानेवारीत माल निघायच्या आत लॉगर चालला पाहिजे, कर्नलचं भलं नंतर कर.

रात्रपाळी_रूट:
साहेब बरोबर बोलतात 😄

इन_रेंज हा मॅक्रो बघितला का? त्याच मिनमॅक्स डॉट एच मध्ये आहे, कर्नल ६.६ पासून, म्हणजे २०२३ पासून. कर्नल डेव्हलपर मॅथ्यू विलकॉक्सने आणला. त्याच्या आधी ठिकठिकाणी लोकांनी आपापला इन_रेंज लिहिलेला होता, एकाच नावाचे आणि अर्थ थोडे थोडे वेगळे, ते सगळे निस्तरत निस्तरत तो कॉमन करावा लागला. तू आता बिटवीन आणलास तर पहिला रिप्लाय हाच येणार की हे तर आहेच.

फरक एवढाच की तो लो आणि हाय घेत नाही, सुरुवात आणि लांबी घेतो, आणि शेवटचं टोक धरत नाही. तुला दोन्ही टोकं हवीत तर लांबी हाय - लो + १ द्यावी लागेल.

द्राक्षवाला_डीबगर:
तो + १ च नकोय ना भाऊ, कोणीतरी विसरणारच. आणि दुसरं म्हणजे मी आत्ता उघडून बघितला तर आत सगळं अनसाइन्ड (मायनस नसलेले आकडे) आहे, ३२ बिटचा यू३२ नाहीतर ६४ बिटचा यू६४. आमचं तापमान शून्याच्या खाली जातं, द्राक्षं ठेवतातच शून्याच्या आसपास. मग मायनसचं काय होणार?

रात्रपाळी_रूट:
काही होत नाही, आकडे टाकून बघ. एचडब्ल्यूमॉनमध्ये तापमान मिलिडिग्रीत (अंशाचा हजारावा भाग) असतं. समज चिपची रेंज -५५ ते १२५, म्हणजे सुरुवात -५५००० आणि लांबी १८०००१. व्हॅल्यू -५०० आली, म्हणजे उणे अर्धा अंश. तो काय करतो तर व्हॅल वजा सुरुवात, -५०० + ५५००० = ५४५००, हे १८०००१ पेक्षा कमी, पास. आता -६०००० टाक. वजाबाकी -५०००, अनसाइन्डमध्ये त्याचे होतात ४२९४९६२२९६ (३२ बिटवर, ६४ वर अजून मोठा), लांबीपेक्षा कितीतरी जास्त, नापास. एक वजाबाकी आणि एकच तुलना, दोन तुलनांचं काम तेवढ्यात होतं. गंमत अशी की उलट तुझ्याच मॅक्रोत मायनस बिघडेल. व्हॅल इंट आणि हाय यू३२ असेल तर तुलनेच्या वेळी सी भाषा -५ ला पण अनसाइन्ड करणार आणि तो हाय पेक्षा मोठा ठरणार. कंपाइल बिनबोभाट होईल.

मेक_क्लीन_मिसळ (कॉलेज रोड):
मॅक्रोवर माझे पण चार शब्द. यात व्हॅल दोनदा आलाय. कोणी तिथे थेट रजिस्टर वाचायचा कॉल टाकला तर रजिस्टर दोनदा वाचलं जाणार, आणि वाचल्यावर क्लिअर होणारं स्टेटस रजिस्टर असेल तर दुसऱ्या वाचनात हाती भलतंच. म्हणूनच कर्नलची कोडिंग स्टाइल सांगते की फंक्शनसारखा मॅक्रो लिहिण्यापेक्षा स्टॅटिक इनलाइन फंक्शन बरं. इनलाइन केलं तर टाइप ठरवावा लागतो, तो नको म्हणून लोक परत मॅक्रोकडे येतात, मग आत टाइपऑफ (दिलेल्या व्हॅल्यूचाच टाइप घेणारा) घालून टेंपररी व्हेरिएबल, मग नेस्ट केल्यावर (मॅक्रोत मॅक्रो घातल्यावर) त्या व्हेरिएबलची नावं एकमेकांवर चढतात म्हणून युनिक आयडी, मग साइन्ड-अनसाइन्ड मिसळलं की बिल्ड तोडायचा चेक. एक ओळीचा मॅक्रो अशी बाळसं धरत जातो.

मिन आणि मॅक्सचं हेच झालेलं. २०२४ मध्ये कर्नल डेव्हलपर आर्न्ड बर्गमनने दाखवलं की झेनच्या (व्हर्च्युअल मशीन चालवणारी प्रणाली) सेटअप फाइलमधली एकच ओळ, नेस्टेड मॅक्रोमुळे, प्रीप्रोसेसरमधून (मॅक्रो उलगडणारा टप्पा) ४७ एमबी होऊन बाहेर पडत होती. एक ओळ! लिनस टोरवाल्ड्सने मग स्वतः बसून ते मॅक्रो हलके केले. एवढा घोळ नुकताच होऊन गेलेल्या फाइलमध्ये अजून एक मॅक्रो नेलास तर लोक चार प्रश्न जास्तच विचारतील. शिवाय ती फाइल जवळपास सगळीकडे इन्क्लूड होते, तिला हात लावला की अख्खा कर्नल परत बिल्ड, माझ्या लॅपटॉपवर तर तेवढ्या वेळात गंगापूर धरणापर्यंत चक्कर मारून होते.

बाकी कल्पना मला वाईट नाही वाटत. सुरुवात-लांबी हे मेमरीच्या पत्त्यांसाठी ठीक, पण लिमिट्सच्या भाषेत माणूस 'इथपासून इथपर्यंत' असाच विचार करतो.

द्राक्षवाला_डीबगर:
ओके, मग टाइपऑफवाला नीट लिहिला आणि चेक पण टाकला तर? ग्रेपमध्ये एवढ्या जागा दिसतात, कॉक्सिनेल टूलने सगळ्या एकदम बदलता येतील.

जुना_जीसीसी:
थांब रे बाबा. सगळ्या झाडून बदलायच्या म्हणजे वीस-पंचवीस मेंटेनरांच्या अंगणात एकदम पाय. प्रत्येकाचं ट्री (कोडची प्रत) वेगळं, प्रत्येकाचं मत वेगळं, आणि चालणाऱ्या कोडला नुसतं रूप बदलायला हात लावलेला बऱ्याच जणांना खपत नाही. आणि उलट बाजूने, नुसता मॅक्रो पाठवलास आणि वापरणारा कोणी नाही तर तो घेत नाहीत. ट्रीमध्ये वापरणारा हवा, तुझ्या ऑफिसच्या गिटमधला धरत नाहीत.

पण माझा मुद्दा वेगळाच आहे. एचडब्ल्यूमॉनच्या डॉक्युमेंटेशनमध्ये सिसएफएस इंटरफेसची (युजर ज्यातून ड्रायव्हरची व्हॅल्यू वाचतो-लिहितो) फाइल आहे, तिच्या शेवटाकडे स्पष्ट लिहिलंय: टेंप_मॅक्ससारखी सलग व्हॅल्यू असेल आणि युजरने रेंजबाहेरची दिली तर एरर द्यायची नाही, क्लॅम्प_व्हॅल वापरून टोकाला आणून बसवायची. ई-इनव्हॅल फक्त सलग नसलेल्यांना, टेंप_टाइपसारख्यांना, जिथे मधली व्हॅल्यू म्हणजे काही अर्थच नाही. म्हणजे तुझ्या मॅक्स आणि हिस्टेरेसिसच्या तपासण्या रिव्ह्यूत अशाही उडणार. इंटरव्हलला चिप ठरावीकच वेग देत असेल तर फाइंड_क्लोजेस्ट म्हणून मॅक्रो आहे, टेबलातला जवळचा आकडा शोधून देतो, एचडब्ल्यूमॉनमध्येच वापरलेला सापडेल. मग बिटवीन लावायचा कुठे?

आणि क्लॅम्प करताना क्रम सांभाळ. आधी क्लॅम्प, मग डिव्ह_राउंड_क्लोजेस्ट (भागून जवळच्या आकड्याला राउंड करणारा). उलटं केलं आणि कोणी लाँगमधला सगळ्यात मोठा मायनस आकडा लिहिला तर राउंडिंगमध्येच तो अंडरफ्लो होऊन दुसऱ्या टोकाला जातो. एलएम९५२३४ चिपच्या आणि अजून काही ड्रायव्हरांमध्ये हे बरीच वर्षं तसंच होतं, २०२४ मध्ये दुरुस्त झालं. तुझं राउंडिंग आधी आहे का नंतर?

द्राक्षवाला_डीबगर:
आधी आहे 🙈 बदलतो. बरं मग मॅक्रो राहू दे, ड्रायव्हर तेवढा पाठवतो. रजिस्टर चारच आहेत म्हणून फाइल लहानशीच आहे: शून्यावर तापमान, एकवर कॉन्फिग, दोनवर हिस्टेरेसिस, तीनवर ओव्हरटेंपरेचरची मर्यादा. पत्ता ४८ हेक्स.

मेक_क्लीन_मिसळ:
अरे भो. हा तर एलएम७५ या टेंपरेचर चिपचा रजिस्टरांचा नकाशा आहे, जसाच्या तसा!! पत्ता पण तोच.

जुना_जीसीसी:
तेच लिहायला आलो होतो. एलएम७५ ड्रायव्हर एकट्या एलएम७५ चा नाहीये, त्यात वेगवेगळ्या कंपन्यांच्या कितीतरी चिप आहेत, प्रत्येकीची एक नोंद: रिझोल्यूशन किती बिटचं, कन्व्हर्जनला (एकदा तापमान मोजायला) वेळ किती, कॉन्फिगचे कुठले बिट लावायचे. क्लॅम्प वगैरे सगळं आत केलेलंच आहे. आधी तुझी फाइल बाजूला ठेव, डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय जोडलंय ते सांगणारी फाइल) कंपॅटिबलला एलएम७५ टाक आणि बोर्ड चालू कर. आकडे बरोबर आले पण अर्ध्या अंशाच्या उड्यांनी आले तर समज की चिपचं रिझोल्यूशन जास्त आहे आणि वेगळी नोंद लागणार.

द्राक्षवाला_डीबगर:
चालू केलं. वाचतोय. बर्फाच्या पाण्यात ०, मग ५००, मग परत ०. डेटाशीट १२ बिट म्हणतंय, म्हणजे नोंद लागणार.

रात्रपाळी_रूट:
मग पॅच दोन: पहिला डिव्हाइस ट्री बाइंडिंगच्या यॅमलमध्ये नाव घालायचा, दुसरा ड्रायव्हरमध्ये नोंद. डॉक्युमेंटेशनमधल्या एलएम७५ च्या पानावर पण चिपचं नाव लिही, नाहीतर आठवण करून देतील. चेकपॅच (पॅच तपासणारी स्क्रिप्ट) चालव, गेट_मेंटेनर स्क्रिप्टला फाइल दाखव, तो सांगेल मेल कोणाकोणाला. आरएफसी वगैरे काही लागत नाही याला.

आणि ऑफिसच्या मेलवरून पाठवणार असशील तर सांभाळ, खाली तो 'ही मेल गोपनीय आहे' छापाचा मजकूर आपोआप चिकटतो ना, त्याच्यासकट पॅच घेत नाहीत. टॅबचे स्पेस झाले तर पॅच लागतच नाही ते वेगळं. बीफोर (बी४) टूल टाक, त्यातून वेबमार्गे पाठवायची सोय आहे, ऑफिसचा मेल सर्व्हर मध्ये येतच नाही. साइन्ड-ऑफ-बाय (पॅचखालची तुझी सही) मात्र कंपनीच्या पत्त्याने द्यायचं असेल तर साहेबांना आधी विचारून घे.

द्राक्षवाला_डीबगर:
साहेबांना सांगितलं, फाइल डिलीट केली म्हटल्यावर पहिल्यांदा खूश दिसले. उद्या ऑलीबरोबर कन्व्हर्जन टाइम मोजतो, डेटाशीटमध्ये टिपिकल आणि मॅक्सिमम असे दोन दिलेत, नोंदीत कुठला टाकायचा?

जुना_जीसीसी:
मॅक्सिमम. त्याच्या आत वाचलंस तर मागचंच तापमान परत मिळेल. आणि ती ऑली कोण रे?

द्राक्षवाला_डीबगर:
ऑसिलोस्कोप, सिग्नल दाखवणारं यंत्र 😂 आमच्याकडे सगळे ऑसिलीच म्हणतात, टाइप करताना 'सि' गेला.