घरची साथ म्हणजे नेमकं काय? तुमचे अनुभव लिहा

मराठवाड्यातल्या मैत्रिणींनो, 'घरच्यांचा फार पाठिंबा आहे' एवढ्यावर थांबू नका. तुम्ही बाहेर होतात तेव्हा भाकरी कोणी थापल्या, लेकरू कोणी सांभाळलं, तेही लिहा. माझ्या मते खरी साथ तिथंच कळते. सुरुवात मी करते, पुढचे अनुभव मैत्रिणींचे.

जिंतूर तालुका
मी बचत गटाची सचिव. पहिल्यांदा तालुक्याला मीटिंगला निघाले तेव्हा मामंजी तोंड फिरवून बसले. सासूबाईंनी मात्र भाकरी-ठेचा बांधून दिला. म्हणाल्या, "लेकराचं मी बघते, तू यष्टी चुकवू नको." त्यांना लिहिता-वाचता येत नाही. रात्री मी गटाचं रजिस्टर मोठ्यानं वाचते, त्या वाती वळत ऐकतात. एकदा गटातल्या एका बाईची नोंद वाचताना त्यांचा हात मध्येच थांबला. "थांब. तिनं शंभर नाही, दोनशे दिले होते. शंभराच्या दोन नोटा, त्यातली एक फाटकी." तिचं पासबुक मागवून पाहिलं, तर त्यांचंच खरं. पुढं गटाला बँकेचं कर्ज मिळालं, त्यात माझ्याइतकाच त्यांचा वाटा आहे.

औसा
वडील गेल्यावर वारसनोंद करायची होती. भावकीतले भावाला म्हणाले, बहिणीकडून हक्कसोड करून घे, म्हणजे वाटा सोडल्याचा कागद. २००५च्या कायद्यानं मुलीचा वाटा मुलाएवढाच, हे मला ठाऊक होतं. पण माहेर तुटेल म्हणून मी सही करायला तयारच होते. भावानंच कागद परत केला. "लग्नात खर्च केला म्हणजे वाटा फिटला का?" आज सातबाऱ्यावर त्याच्या नावाखाली माझं नाव आहे. पंचमीला माहेरी जातेच.

वडवणी
आम्ही ऊसतोडीला जातो. आमच्यात नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई गावात थांबली की उचल, म्हणजे आगाऊ मिळणारे पैसे, निम्मी. पोरीची दहावी म्हणून औंदा घरधनी अर्ध्या कोयत्यावर एकटेच गेले. तिथल्या कोपीवर, म्हणजे झोपडीत, स्वतः भाकरी करतात. टोळीतले हसले, तरी करतात.

सेनगाव
मी सरपंच. पंचायतीत बायांना निम्म्या जागा २०११पासून आल्या, पण माझा शिक्का वर्षभर नवऱ्याच्या खिशात होता. लोक त्यालाच पाठिंबा म्हणायचे. मी नाही म्हणत. बारावीतल्या लेकानं एके दिवशी वडिलांच्या हातातला कागद घेऊन माझ्यापुढं ठेवला. "आधी आईला वाचू द्या." ठराव पाण्याच्या टाकीचा होता. दोनदा वाचला, टाकीची जागा बदलायला लावली, मग सही केली.