चार विभागांची मिळून संशोधनाची टीम टिकत का नाही?

नेरूळची_सर्जन
नवी मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजात मी सर्जरी शिकवते. विषय डायबेटिक फूट, म्हणजे मधुमेहींच्या पायाच्या जखमा. तुर्भ्याच्या मार्केटात हमाली करणारे एक काका ओपीडीत आले. चप्पल काढली तर खिळा तळव्यात तसाच. दोन दिवस तसेच चालत होते, कळलंच नाही. 10 ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे स्पर्श कळतो का ते बघायचा नायलॉनचा धागा, तळव्याला लावून बघितला, एकाही ठिकाणी जाणवला नाही. असा पाय एकट्या सर्जनने वाचत नाही. साखर मेडिसिनवाले बघतात, जंतू मायक्रोबायोलॉजीचे, म्हणजे मायक्रोवाले, वस्तीतली तपासणी कम्युनिटी मेडिसिनवाले.

म्हणून मागच्या वर्षी चारही विभागांना एकत्र आणलं. पहिल्या मीटिंगला नऊ जण, तिसऱ्या मीटिंगला मी आणि माझी रेसिडेंट. पुढे पेपरवर नावं कुठल्या क्रमाने टाकायची यावरून बिनसलं. मायक्रोच्या मॅडम आता लिफ्टमध्ये भेटल्या तरी फक्त मान हलवतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्या कामात खरोखर हुशार आहेत. पुन्हा सुरुवात करायची आहे. कशी करू?

कल्चर_प्लेट
मीही मायक्रोचीच, दुसऱ्या कॉलेजातली. मॅडम, स्पष्ट लिहिते. शनिवारी दुपारी लॅब आवरताना स्वॅब, म्हणजे जखमेवर फिरवलेला कापसाचा बोळा, येतो, कोरडा पडलेला. फॉर्मवर फक्त 'पस सी/एस', म्हणजे पूची कल्चर-सेन्सिटिव्हिटी करा. अँटिबायोटिक आधी सुरू होतं का, कुठलं, जखम किती दिवसांची, काहीच नाही. त्यावर मी काय रिपोर्ट देणार?

प्रोटोकॉल लिहिण्याआधी विचारलं असतंत, तर मी सांगितलं असतं की वरवरचा स्वॅब घेऊच नका. त्यात त्वचेवरचे नेहमीचेच जंतू उगवतात. जखम साफ करून खालचा टिश्यू पाठवा. ही एक ओळ तुमच्या सगळ्या अभ्यासाचं मोल बदलते. पण आम्हाला बोलावतात ते सगळं ठरल्यावर, 'कल्चर तेवढं करून द्याल ना' म्हणून.

ठाण्याचा_आकडेवाला
मी बायोस्टॅटचा, म्हणजे वैद्यकीय संख्याशास्त्राचा. नावांच्या भांडणाला लोक अहंकार म्हणतात, ते मला पटत नाही. एनएमसीच्या, म्हणजे नॅशनल मेडिकल कमिशनच्या, 2022च्या पात्रता नियमांत प्रमोशनसाठी पहिले तीन लेखक किंवा करस्पाँडिंग लेखक (जर्नलशी पत्रव्यवहार करणारा) धरले जात होते. चार विभाग, नऊ जण, एक पेपर, म्हणजे कुणाची तरी दोन वर्षांची मेहनत कागदावर शून्य. तो माणूस पुढच्या मीटिंगला कशाला येईल?

यावर उपाय म्हणजे पेशंट तेच, प्रश्न चार. मायक्रोचा प्रश्न जंतूंच्या अँटिबायोटिक-प्रतिरोधाचा, त्या पेपरवर मायक्रो पहिलं. जखम भरण्याचा पेपर तुमचा. कोण कुठे पहिलं ते एथिक्स कमिटीकडे जायच्या आधी एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. आयसीएमजेईच्या, म्हणजे मेडिकल जर्नलच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या, लेखक ठरवायच्या चार अटीही त्यातच लिहा: कामात भरीव वाटा, लिखाण किंवा त्यावर गंभीर दुरुस्त्या, अंतिम मसुद्याला मान्यता आणि मजकुराची जबाबदारी. चारही पूर्ण करणाराच लेखक. नुसते एचओडी (विभागप्रमुख) म्हणून नाव नको.

आणि डेटा रेडकॅप या संशोधनाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरा, ना-नफा संस्थांना ते फुकट मिळतं. एक्सेलमध्ये एक जण 'नाही' लिहितो, दुसरा रकाना रिकामा सोडतो. त्याचा अर्थ लावण्यात माझा महिना जातो. मला सँपल साइज, म्हणजे किती पेशंट घ्यायचे, ते ठरवतानाच बोलवा.

तिसऱ्या_वर्षाची_रेसिडेंट
मॅडम, आमचा थीसिस तीन वर्षांचा. आम्ही पास होऊन गेलो की फॉलोअप थांबतो. ड्रेसिंग रूमच्या सिस्टर मात्र तिथेच असतात. कोण पेशंट परत आला, कोण ऐरोलीहून रिक्षाचे पैसे नाहीत म्हणून आला नाही, सगळं त्यांना माहीत असतं. त्यांना कुणी मीटिंगला बोलावलंय का?

नेरूळची_सर्जन
नाही बोलावलं. वाचून जरा वेळ गप्प बसले.

काल सिस्टरांकडे गेले. त्यांची एक लाँगबुक आहे, पेनाने आखलेले रकाने: नाव, कुठून येतो, चप्पल कसली, पुढची तारीख. 'चप्पल कसली' हा रकाना आमच्या प्रोफॉर्मात, म्हणजे माहिती भरायच्या फॉर्मात, नव्हताच. मग मायक्रोच्या मॅडमकडे गेले. प्रोटोकॉल न नेता, कोरा कागद घेऊन. म्हटलं, या पेशंटमध्ये तुम्हाला काय शोधावंसं वाटतं? आधी काहीच बोलल्या नाहीत. मग पेन मागितलं आणि दीड पान लिहून दिलं. टिश्यू लॅबमध्ये किती वाजेपर्यंत पोचला पाहिजे, तेही त्यात आहे.

मंगळवारी ओपीडी संपल्यावर ड्रेसिंग रूममध्येच बसणार आहोत, सिस्टरांसह. आकडेवाले सर, त्या सह्यांच्या कागदाचा नमुना मिळेल का?

ठाण्याचा_आकडेवाला
रात्री पाठवतो. सिस्टरांच्या नावाची ओळ त्यात घालूनच पाठवतो.